नवी जागा सापडली

आमच्या गाडीला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शेजारी बसलेल्या माझ्या पायाखाली. नवीन माणसाला हा दुसरा ब्रेक दाखवला की त्याला हायसं वाटतं, आणि प्रत्यक्षात मी तो दाबला की त्याला राग येतो. इतक्या वर्षांत तो मी उगाच कधी दाबला नाही, असं मी अगदी छातीठोकपणे सांगायचे. आता सांगत नाही.

ड्रायव्हिंग स्कूल वडिलांचं. खाली ऑफिस, वर घर. ते गेल्यावर मी आणि माझा धाकटा भाऊ ते चालवू लागलो. भाऊ सहा फुटांचा आहे, पण घरात तो अजून टिल्लूच. हे नाव पडलं तेव्हा तो न वाकता जेवणाच्या टेबलाखालून जायचा. त्याला सायकल मी शिकवली, गाडीही मीच. दोघींनी मिळून त्याला डोक्यावर चढवून ठेवलाय, असं वडील आईला आणि मला म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

कंबरेचं हाड मोडल्यापासून आई शहराच्या दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रमात असते. आमचा जिना तिला चढवत नाही. डोकं मात्र माझ्यापेक्षा तल्लख. खिडकीशी खुर्ची ओढून बसते आणि खालून जाणाऱ्या गाड्यांना मार्क देते. "तो पांढऱ्या गाडीवाला बघ, क्लचवर पाय ठेवूनच जन्माला आला असेल." रोज संध्याकाळी मी तिच्याकडे जायचे आणि आम्ही दोघी आपापल्या फोनवर फळं जुळवत बसायचो. एका रंगाची तीन फळं ओळीत आली की फुटतात, एवढाच तो खेळ. आई माझ्या कितीतरी पुढे होती आणि मला ते विसरू द्यायची नाही. निघताना मात्र रोज तेच विचारायची. "टिल्लू का येत नाही गं?"

टिल्लू वर्षभर घराबाहेर पडला नव्हता.

त्याची सुरुवात मला पक्की आठवते. एका गृहस्थांना शिकवायला घेऊन गेला होता, आणि भर दिवसा, समोर चिटपाखरू नसताना, त्यानं आपल्या बाजूचा ब्रेक करकचून दाबला. त्या बिचाऱ्यांचं नाक स्टिअरिंगवर आपटलं. मी टिल्लूला नको नको ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "ताई, समोर भिंत होती." त्यानंतर तो गाडीत बसेना. मग कोपऱ्यापर्यंतही जाईना. डॉक्टर म्हणाले, मनावर ताण आहे, विश्रांती घेऊ द्या. विश्रांती म्हणजे तो पडद्यावरचा मोठा खेळ, एका मित्रानं ह्या सगळ्याच्या आधीच दिलेला. सकाळ-संध्याकाळ पडद्यासमोर. खेळाचं वेड लागलंय म्हणून बाहेर जात नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मीही.

एका दुपारी मी त्याचं ताट घेऊन वर गेले, तर त्यानं स्वतःच्या उशीशेजारी माझ्यासाठी दुसरी उशी मांडून ठेवली होती.

"बस ना ताई. अर्धा तास. तुझ्यासारख्यांनी खेळून बघावा असाच आहे."

"माझ्यासारख्यांनी म्हणजे?"

"फळं जुळवणाऱ्यांनी."

मी म्हटलं, मला त्या तलवारी नकोत नि ते राक्षस नकोत. दिवसभर माणसांच्या जिवाला जपते, संध्याकाळी कोणाला कापायला बसणार नाही.

"कोणाला कापू नकोस. नुसती फिर. ह्यात तेच तर आहे. पाहिजे तिकडे जा, कोणी अडवत नाही."

"आणि ह्यातून मला काय मिळणार?"

त्यानं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "तू खेळलीस तर मी तुझ्याबरोबर आईकडे येईन."

मी बसले.

खेळ सुरेख होता, हे कबूल करायला हवं. डोंगर, नदी, दगडी वेशीचं एक गाव, गावात बैलगाड्या आणि कंदील. तुम्ही म्हणजे एक वाटसरू. पाठीवर गाठोडं, हातात काठी. कोपऱ्यात एक नकाशा, सगळा धुरकट. तुम्ही एखाद्या गल्लीत शिरलात की तिथला धूर निवळतो, एक घंटा किणकिणते आणि अक्षरं उमटतात: नवी जागा सापडली. बाकीचे लोक म्हणे गावातून थेट डोंगराकडे पळतात, खजिना शोधायला. मला ते जमेना. लायसन्सच्या टेस्टआधी मी शिकणाऱ्याला परिसरातली प्रत्येक गल्ली फिरवून आणते, टेस्ट कुठेही घेतली तरी माणूस गडबडू नये म्हणून. तीच सवय इथे. एका टोकापासून सुरुवात, एकही बोळ सोडायचा नाही, नाक्यावर थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मगच पुढे. एका बैलगाडीनं मला भलत्या बाजूनं ओलांडलं तेव्हा मी खरोखरीच त्या गाडीवानावर ओरडले.

टिल्लू हसला. वर्षभरानं हसला. "इतक्या बारकाईनं कोणी खेळत नाही, ताई."

"करायचं तर नीट करायचं," मी म्हटलं.

त्यानं हसणं आवरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, माझं कौतुकच वाटतंय त्याला.

दुसऱ्या दिवशी तो जिना उतरून ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. मग कोपऱ्यावरून वर्तमानपत्र घेऊन आला. आठवडा उलटायच्या आत माझ्या शेजारी गाडीत बसून आईकडे आला. आईनं त्याचे दोन्ही गाल धरले आणि सोडेचना. मी खिडकीबाहेर बघत डोळे पुसले. परतताना तो काचेतून प्रत्येक गल्ली अशी बघत होता, जणू प्रत्येकीत त्याचं कोणीतरी राहत होतं. त्यानंतर रोज दुपारी, मधल्या सुट्टीत, मी खेळायला बसायचे. आपलं माणूस माणसांत येतंय, तर तेवढा वेळ गेला म्हणून काय बिघडलं, असं मला वाटायचं. खोटं कशाला बोलू, मलाही गोडी लागली होती.

वृद्धाश्रमातली एक नर्स त्या दिवसांत माझ्याकडे गाडी शिकत होती. हुशार बाई, हात स्थिर. त्या सकाळी आम्ही बाजारातून जात होतो. रंगवाल्याच्या दुकानानंतर एक गल्ली आहे, तिच्या पलीकडच्या कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान लागतं. तिथे वळायचं, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, स्टिअरिंग वळवलं.

मी ब्रेक दाबला. सगळा भार टाकून.

"काय झालं मॅडम?" ती घाबरली. "मी काय चुकले?"

ती काहीच चुकली नव्हती. रंगवाल्याचं दुकान आणि शिंप्याचं दुकान खांद्याला खांदा लावून उभी होती. मध्ये गल्ली नव्हती. खोदकाम नाही, अडथळा नाही, काही पाडल्याची खूण नाही. दोन्ही भिंतींचा गिलावा एकमेकांत मिसळलेला होता आणि जोडावर ओल धरलेली होती, फार जुनी.

मी तिला गाडी आमच्या घराकडे घ्यायला सांगितली आणि मग एकटी चालत तिथे परत आले. भिंतीला हात लावला. गार होती, खरखरीत होती. फोनवरचा नकाशा म्हणत होता, उजवीकडे वळा. मी तिथेच उभी असताना एक बाई पिशवी घेऊन माझ्यासमोर आली. कुठून आली ते मी नीट पाहिलं. ती त्या भिंतीतून आली नाही. आधी ती नव्हती, आणि मग होती, आणि तिच्या चपलांना ओल्या गल्लीतला चिखल लागलेला होता.

मी वेडी नाही. ताण असावा, असं मी स्वतःला समजावलं, अगदी डॉक्टरांच्या शब्दांत. मग मला टिल्लूचं वाक्य आठवलं, समोर भिंत होती, आणि मी घराकडे निघाले.

वर गेले तेव्हा तो घरी नव्हता. हल्ली तो घरी नसायचाच. मी खेळ सुरू केला आणि वेशीतून आत शिरून मी अगदी पहिल्यांदा फिरले होते त्या गल्लीत गेले. एका बाजूला रंगाची पिंपं, दुसऱ्या बाजूला सुई-दोरा घेऊन बसलेला माणूस. तोवर हे मला दिसलंच नव्हतं, म्हणजे पाहिलं होतं पण दिसलं नव्हतं. गल्लीच्या मध्यावर, एका जिन्याखाली, कुलपं दुरुस्त करणारा म्हातारा होता. बाजारातल्या त्या गल्लीत तो अगदी तसाच बसतो, डाव्या पायाखाली वीट घेऊन. इथेही वीट होती. मी जवळ गेले, तसे पडद्यावर त्याचे शब्द उमटले.

"आज गाडी नाही आणली?"

मी खेळ बंद केला. त्या दिवसापासून मी त्याला हात लावला नाही. पण मी आधीच जवळजवळ सगळं गाव पालथं घातलं होतं, आणि तेही क्रमानं. ज्या क्रमानं गल्ल्या तिथे सापडल्या होत्या, त्याच क्रमानं त्या इथून जायला लागल्या. शाळेमागची गल्ली गेली. दवाखान्याचा रस्ता गेला. नदीवरचा पूल एका सकाळी नव्हता, नुसता सरळ, गवताळ काठ. माणसं काठावर यायची आणि मग पलीकडे असायची.

शेवटी मी टिल्लूला समोर बसवला. ऑफिसात, टेबलाच्या पलीकडे, जिथे फी द्यायला आलेली माणसं बसतात.

"तुला माहीत होतं?"

तो नखं बघत होता. "मला तो खेळ ज्यानं दिला ना, त्याचंही तसंच झालं होतं. मी खेळायला लागलो आणि तो सुटला. नंतर त्यानं फोनच घेतला नाही."

"म्हणून तू मला दिलास."

"दुसरं कोणाला देणार, ताई? माझं ऐकणारी तूच एक आहेस."

एवढ्या वर्षांत मला कोणी इतकं खरं आणि इतकं वाईट काही बोललं नव्हतं. ह्याला मी बोटाला धरून रस्ता ओलांडायला शिकवलं. ह्याच्या तापात रात्र रात्र जागले. आणि ह्यानं उशी मांडून, हसून, आईचं नाव घेऊन माझा केसानं गळा कापला. मला रडू आलं नाही. नुसती आग आग झाली अंगाची.

"मला वाटलं, तू थोडंसं खेळशील," तो पुटपुटला. "माझ्या चारदोन गल्ल्या गेल्या, त्यानंतर मी भीतीनं बाहेर पडणं सोडलं. तू सगळंच फिरलीस. इतकं कोणी फिरत नाही."

"दुसऱ्याला गाडी चालवायला बसवलं तर?"

"डोळे मिटून बसलीस तरी नाही. करून पाहिलंय मी. गाडी वळते, आणि तू आपली पुन्हा घरासमोर."

आईचा रस्ता सगळ्यांत शेवटी गेला. पूल गेल्यावर मी लांबच्या वळणानं, पेट्रोल पंपावरून जात होते. एका संध्याकाळी पंपामागे बंगल्यांची एक लांबलचक ओळ उभी होती, एकाला एक चिकटून, कुठे फट नाही. त्यांच्यामागे कुठेतरी आईची खिडकी होती. मी पंपावर गाडी उभी करून दिवे लागेपर्यंत बसले. मग तिला फोन केला आणि म्हटलं, आज जमणार नाही.

पुढे रोजच जमेना. टिल्लू जायचा. माझी गाडी घेऊन जायचा. मी शिकवणं बंद केलं होतं, घरापासून कोपऱ्यापर्यंत कोणाला काय शिकवणार? आई फोनवर आधी चेष्टा करायची, मग कारणं विचारायची, मग एकदा अगदी हळू म्हणाली, "तुला यायचं नसेल तर तसं सांग बाई. कारणं नको सांगूस." काय सांगणार होते तिला? टिल्लूनं तिथे बसून सगळं ऐकलं असणार.

त्या दिवशी परत आल्यावर तो माझ्या दारात घुटमळला.

"तू पण कोणाला तरी दे ना, ताई. म्हणजे सगळं परत येईल."

"मी तुझ्यासारखी नाही."

"जिचं काही जाणार नाही अशी एखादी बघ." तो चौकटीचा रंग नखानं खरवडत होता. "आई तशी कुठे बाहेर जाते?"

मी हातातलं पातेलं भिंतीवर फेकून मारलं. आईचं नाव पुन्हा काढलंस तर ह्या घरात राहायचं नाही, असं सांगितलं. तो मान खाली घालून जिना चढून गेला. त्याला समजलं, असं मला वाटलं. त्याला माझं बोलणं समजतं, असंच मला जन्मभर वाटत आलेलं आहे.

पाचसहा दिवसांनी मी सकाळी ऑफिसचं शटर वर केलं, कोपऱ्यापर्यंत गेले, आणि समोर बाजारातलं ते वळण होतं.

रंगवाला पिंपं मांडत होता. शिंपी शटर उघडत होता. मध्ये गल्ली होती, अरुंद, ओली, तिच्यातून सायकलवाला घंटी वाजवत येत होता. मी तशीच धावत तिच्यात शिरले. जिन्याखाली म्हातारा वीट घेऊन बसला होता. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "आज गाडी नाही आणली?"

मी परत फिरून गाडी काढली. शाळेमागून गेले, दवाखान्यावरून गेले, गरज नसताना पुलावरून दोनदा गेले. सगळं जागच्या जागी होतं. मी मोठ्यानं हसत होते, गाडीत एकटी.

पुलावर दुसऱ्यांदा आले तेव्हा लक्षात आलं. मी तर कोणाला खेळ दिला नव्हता.

तरी मी गाडी थांबवली नाही. रस्ता इतका मोकळा होता.

वृद्धाश्रमाच्या फाटकाशी माझ्याकडे गाडी शिकणारी ती नर्स भेटली. तिला मला बघून आनंद झाला. "बरं झालं आलात मॅडम. आजी सकाळपासून खोलीबाहेर आल्या नाहीत. नाश्त्यालाही नाही."

"काल कोण आलं होतं?"

"दादा आले होते ना. किती वेळ बसले. आजींना टॅब आणून दिला, नवीन खेळ शिकवला. म्हणाले, ताईसाठी एवढं तरी करतो." ती हसली. "आजींना काही ती बटणं जमेनात. एकाच ठिकाणी गोल गोल फिरत होत्या."

मी जिन्यानं वर गेले. खोलीचं दार उघडं होतं. हिरवं दार, चाकाची खुर्ची आपटून खालच्या कोपऱ्याचा टवका उडालेला.

आई खिडकीशी बसली होती, पण खिडकीकडे बघत नव्हती. टॅब मांडीवर उजळलेला होता. पडद्यावर दगडी भिंतींची एक लहानशी खोली होती. खोलीत पाठीवर गाठोडं घेतलेली एक म्हातारी बाई उभी होती आणि तिच्यासमोर हिरवं दार होतं, खालच्या कोपऱ्याला टवका उडालेलं. वर अक्षरं थांबून राहिली होती: नवी जागा सापडली.

"आई," मी म्हटलं.

तिनं वर पाहिलं. तिचा चेहरा खुलला. माझा हात तिनं दोन्ही हातांत घेतला आणि आपल्या गालाला लावला. आपला राग ती विसरून गेली होती.

नर्स माझ्या मागोमाग येऊन दारात उभी होती. आईनं माझ्या खांद्यावरून तिकडे पाहिलं. तिची नजर नर्सवर थांबली नाही. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, रिकाम्या भिंतीवरून फिरवावी तशी ती सगळ्या दारावरून फिरली.

मग तिनं माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात विचारलं, "तू आत आलीस कुठून गं?"